चालायचं, पण उचलायचं नाही : आतड्याच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतरचे दिवस

आम्ही नाचणगावच्या बचत गटातल्या बाया बोलतो आहोत. आजचा विषय पोटाचा आहे आणि थोडा संडासचाही आहे. लाजायचं नाही. लाजण्यापायी आपण बाया पुष्कळ दुखणी अंगावर काढतो.

आमच्या गटात एक काकू आहेत. नाव सांगत नाही, पण ही गोष्ट रेडिओवर सांगा असं त्यांनीच आम्हाला सांगितलं. तीन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर त्यांचं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. नवव्या दिवशी काकू घरी आल्या आणि त्याच संध्याकाळी आम्ही दहा-बारा जणी भेटायला गेलो. प्रत्येकीने एकेक सल्ला दिला. एक म्हणाली, "हालू नोको वं माय, टाके उसवतीन." दुसरी म्हणाली, "भात नोको खाऊ, पू धरते." तिसरीने सांगितलं, "पंधरा दिवस नुसतं पेजेचं पाणी घे, पोटाले आराम दे." सगळ्या मायेनं बोलत होतो. घरच्यांनी सगळं ऐकलं. काकू पडून राहिल्या, पेज पीत राहिल्या.

सतराव्या दिवशी त्यांच्या उजव्या पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली. परत दवाखाना. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. वेळेवर नेलं म्हणून जीव वाचला. पण अंगात ताकद नव्हती, म्हणून पाचव्या आठवड्यात सुरू व्हायची केमोथेरपी पुढे ढकलावी लागली.

गोष्ट तिथेच संपली नाही. पौषात कापसाची वेचणी जोरात होती, मजूर मिळत नव्हते. काकू उठून बसू लागल्या होत्या, म्हणून घरचे म्हणाले, थोडं थोडं वेचायला काय हरकत आहे? काकूंनी पोटावर ओटी बांधली. घरचं पाणीही भरू लागल्या. होळीपर्यंत टाक्यांच्या जागी पोटावर फुगा आला. त्याला हर्निया म्हणतात. तो आजही आहे.

एकदा बैठकीत काकू आम्हाला म्हणाल्या, "झोपवून झोपवून मले आजारी केलं तुमी, अन् उठल्यावर कामाले लावलं." आम्ही गप्प बसलो, कारण ते खरंच होतं. चालायचं तेव्हा आम्ही तिला झोपवलं आणि वजन उचलायचं नव्हतं तेव्हा उचलू दिलं. म्हणून आजचं बोलणं एका वाक्यात सांगायचं तर असं : चालायचं, पण उचलायचं नाही. आता हे का, ते नीट समजून घेऊ. नंतर आम्ही दवाखान्यातल्या डॉक्टरांना, सिस्टरना आणि आशाताईंना विचारून जे शिकलो, तेच इथे सांगतो आहोत.

पोटात नेमकं काय केलेलं असतं?

मोठं आतडं साधारण पाच फूट लांब असतं. लहान आतड्यातून आलेल्या अन्नातलं पाणी ते शोषून घेतं आणि उरलेल्याचा मळ होतो. त्याच्या आतल्या अस्तरावर कर्करोगाची गाठ झाली, तर डॉक्टर गाठीसकट आतड्याचा तेवढा तुकडा आणि आजूबाजूच्या लसीका गाठी काढतात. मग आतड्याची दोन टोकं एकमेकांना जोडतात. काही वेळा हा जोड लगेच करता येत नाही, किंवा नव्या जोडाला काही आठवडे विसावा द्यावा लागतो. तेव्हा आतड्याचं तोंड पोटावर काढतात आणि तिथे पिशवी लावतात. त्याला स्टोमा म्हणतात. काहींचा तो थोड्या महिन्यांनी बंद करतात, काहींना कायम ठेवावा लागतो.

म्हणजे ऑपरेशननंतर शरीराला दोन ठिकाणी भरून यायचं असतं. एक आतला आतड्याचा जोड आणि दुसरी बाहेरची पोटाची जखम. पहिले आठ-दहा दिवस आतल्या जोडाची काळजी जास्त. बाहेरची कातडी दहा-बारा दिवसांत मिटलेली दिसते, पण तिच्याखालचा पोटाचा मजबूत थर पक्का व्हायला दीड-दोन महिने आणि त्याहून जास्त लागतात. आपण वरची कातडी बघतो आणि म्हणतो, "जखम तर सुकली." तिथेच आपली फसगत होते.

झोपून राहिल्याने काय बिघडतं?

पोटाला हात लागला की आतडं काही काळ सुस्त पडतं. त्याची हालचाल थांबते, पोट फुगतं, मळमळतं. म्हणून पूर्वी जगभर पद्धत होती की हवा सरेपर्यंत रुग्णाला काही खायला द्यायचं नाही, नाकातून नळी ठेवायची आणि बिछान्यावर पडू द्यायचं.

१९९० च्या दशकात डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या हेन्रिक केलेट नावाच्या सर्जननी एक साधा प्रश्न विचारला. ऑपरेशन झालेला रुग्ण इतके दिवस दवाखान्यात का राहतो? त्याला कशाने अडवलेलं असतं? वेदना, उपाशीपोट, नळ्या, सलाईनचं जास्तीचं पाणी आणि पडून राहणं, यांनीच बरं होणं लांबतं असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी वेदना नीट आवरली, नळ्या लवकर काढल्या, रुग्णाला लवकर उठवलं आणि लवकर खाऊ घातलं. पुढे अनेक देशांतल्या डॉक्टरांनी हे करून पाहिलं. दवाखान्यातले दिवस कमी झाले आणि नंतरचे त्रासही कमी झाले. आज जगात आतड्याच्या ऑपरेशननंतर हीच रीत चांगली मानतात.

यामागचं कारण सोपं आहे. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात. पडून राहिलं की रक्त साचतं आणि गाठ होऊ शकते. कर्करोगात रक्त गोठण्याचा धोका मुळातच जास्त असतो. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. पडून राहिल्याने छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. स्नायू झिजतात. आणि आतडंही जागं होत नाही. चालण्याने टाके उसवत नाहीत. ते जोर लावण्याने आणि वजन उचलण्याने ताणले जातात.

तयारी ऑपरेशनच्या आधीपासून

पेरणीआधी आपण नांगरणी-वखरणी करतो. तसंच शरीराचंही आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली की दोन-चार आठवडे हातात असतात. ते रडण्यात आणि देवदेवस्कीत घालवू नका. देवाला नमस्कार करा आणि या गोष्टी करा.

पहिली गोष्ट, खर्रा, तंबाखू आणि बिडी त्याच दिवशी बंद. बिडीने फुप्फुसं खराब होतात, तंबाखूने जखम उशिरा भरते. चार आठवडे आधी सोडलं तर उत्तम, पण उशिरा सोडलं तरी सोडलेलं बरं.

दुसरी गोष्ट रक्ताची. आतड्यातल्या गाठीतून थोडं थोडं रक्त जात राहतं, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. आपल्या बायांचं तर ते आधीच कमी असतं. १२ च्या वर हवं, आपल्यात ९ असलं तरी बाई शेतात जाते. डॉक्टरांना विचारा, "लोहाची गोळी द्यायची की शिरेतून लोह द्यायचं?" साखर आणि बीपी असेल तर तेही आधी ताब्यात आणून घ्या.

तिसरी गोष्ट खाण्याची. जखम भरायला प्रथिनं लागतात. ५० किलो वजनाच्या बाईला या काळात दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत. हे कसं मोजायचं? एका अंड्यात ६ ग्रॅम, एक ग्लास दुधात ६-७ ग्रॅम, घट्ट वरणाच्या एका वाटीत ६-७ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात ७ ग्रॅम आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयावडीत सुमारे १५ ग्रॅम. तूर आणि सोयाबीन आपल्याच वावरात पिकतं, मात्र पोतं बाजारात जातं आणि बाईच्या ताटात पातळ वरण येतं. गाठीमुळे आतड्याची वाट अरुंद झाली असेल, तर शेंगदाणे आणि टरफलाची धान्यं आधीपासूनच वर्ज्य असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती खायची तेही डॉक्टर ठरवतील. म्हणून एकदा विचारूनच ताट ठरवा.

चौथी गोष्ट चालण्याची आणि श्वासाची. रोज अर्धा तास चाला. दवाखान्यात तीन गोळ्यांचं एक छोटं यंत्र देतात, त्यातून श्वास आत ओढला की गोळ्या वर उचलल्या जातात. ते खेळणं समजून पोरांच्या हातात देऊ नका. ऑपरेशनच्या आधीपासून सवय करा. यंत्र नसेल तर खोल श्वास घ्या, जरा थांबा, सावकाश सोडा. असं एका वेळी दहादा.

पाचवी गोष्ट पिशवीची. स्टोमा लागण्याची शक्यता असेल, तर ऑपरेशनच्या आधी पोटावर जागेची खूण करतात. तेव्हा आपण परकराचा नाडा कुठे बांधतो ते सिस्टरना दाखवा. उभं राहून, खाली बसून आणि वाकून दाखवा. नाडा नेमका पिशवीवर आला तर पुढे रोज त्रास होतो. हे सांगायला बाया लाजतात आणि मग वर्षानुवर्षं भोगतात.

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी किती वेळ राहायचं? बहुतेक रुग्णांना घट्ट अन्न सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवायला सांगतात. दुधाचा चहा साध्या पाण्यात धरत नाहीत. साखरेचा आजार असेल किंवा आतडं अडलेलं असेल तर नियम वेगळे असतात. भूलतज्ज्ञ जे सांगतील तेच करा, पण विचारा. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको हे आपण आपल्या मनाने ठरवू नका.

दवाखान्यातले पहिले दिवस

ऑपरेशन झाल्यावर सिस्टर विचारतात, "दुखतं का?" आपण म्हणतो, "नाही, बरं आहे." बाळंतपणापासून सोसायची सवय लागलेली असते. इथे सोसणं कामाचं नाही. पोट दुखत असेल तर बाई खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही. मग कफ साचतो. म्हणून सिस्टरना दुखणं आकड्यात सांगा. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. "सिस्टर, सहा आहे, औषध द्या." यात कमीपणा काही नाही. खोकताना पोटावर उशी घट्ट धरा, जखमेला आधार मिळतो.

डॉक्टर परवानगी देतील त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर पाय सोडून बसायचं. मग खुर्चीत, मग वॉर्डात चार पावलं. रोज फेऱ्या वाढवायच्या. सोबतच्या माणसाचं खरं काम हेच आहे. पाय चेपत बसण्यापेक्षा हात धरून चालवा. उठल्यावर चक्कर येत असेल तर बसवा आणि सिस्टरना बोलवा.

खाण्याचंही तसंच. पुष्कळ ठिकाणी आता पहिल्या दिवसापासून घोट घोट पाणी आणि मग मऊ अन्न सुरू करतात. थोडं खा, पुन्हा दोन तासांनी थोडं खा. उलटी झाली किंवा पोट फुगलं तर थांबा आणि सांगा. काही डॉक्टर बिनसाखरेचं च्युइंगम चघळायला देतात. तोंड हलू लागलं की आतड्याला वाटतं अन्न येत आहे, आणि ते जरा लवकर जागं होऊ शकतं. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "मंग खर्रा चालते का?" नाही बाई, खर्रा नाही चालत.

हवा सरली की डॉक्टरांना आनंद होतो. आपणही लाजू नका, स्पष्ट सांगा.

घरी आल्यावर

घरी आल्यावर रोज चार-पाच वेळा चालायचं. आधी अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग शाळेपर्यंत. थकवा आला तर झोप घ्यायची. दुपारची झोप चालते, दिवसभर खाटेवर राहणं चालत नाही. काहींना रक्त गोठू नये म्हणून चार आठवड्यांपर्यंत पोटात टोचायची इंजेक्शनं देतात. ती मध्येच सोडू नका. टोचायची भीती वाटत असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरची मदत घ्या.

भाताने पू होत नाही. वरणाने होत नाही, अंड्यानेही होत नाही. पू जंतूंमुळे होतो. म्हणून जखमेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. हळद, राख, चुना, कोणाचंही तेल जखमेवर नको. बाळंतिणीसारखं पोट आवळून बांधायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिले काही आठवडे मऊ आणि कमी चोथ्याचं खा. मुगाची खिचडी, वरण-भात, दही-भात, उकडलेलं अंडं, दुधी भोपळा, मऊ पोळी, पिकलं केळं. कच्चा कांदा, अख्खे हरभरे, अंबाडी आणि मेथीची भाजी, सालीसकट फळं, रेषांसकट संत्री ही नंतर, हळूहळू आणि एका वेळी एक. नीट चावून खा. पाणी भरपूर प्या. लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलं असेल तर अंगातलं पाणी आणि मीठ फार वेगाने जातं. तोंड सुकलं, लघवी कमी झाली, गळून गेल्यासारखं वाटलं, तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच करून द्या आणि लगेच डॉक्टरांना कळवा. पिशवी वारंवार भरते म्हणून पाणी पिणं कमी करू नका.

संडासची सवय बदलते. काही आठवडे, कधी काही महिने, दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, पातळ होतं, कधी धरवत नाही. गुदाशयाचं ऑपरेशन झालं असेल तर जास्त. ही बाई घाण करते असं घरात कोणी बोलू नका. संडासात रात्रीचा दिवा ठेवा, उकिडवं बसवत नसेल तर बसायची खुर्ची आणा.

आणि आता उचलणं. दीड-दोन महिने चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. स्टोमा असेल तर त्याहून जास्त दिवस. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १५ लिटरचा भरलेला गुंड म्हणजे गुंडाच्या वजनाशिवाय १५ किलो. कडेवरचं नातवंड १० किलो. कापसाची भरत आलेली ओटी तर नेमकी पोटावरच लोंबते. हातपंप, जातं, ओल्या गोधड्या पिळणं, लाकडाची मोळी, हे सगळं या काळात बंद. "बाई चालते-फिरते, मग काम का करत नाही?" असं सासू किंवा जाऊ म्हणाली तर तिला कातडीखालच्या थराची गोष्ट सांगा. चालणं हे तिचं औषध आहे. ती बरी झाली याची ती खूण नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

पोटात दुखणं वाढत गेलं. पोट फुगून उलट्या सुरू झाल्या. हवा आणि संडास दोन्ही बंद झालं. ताप १००.४ च्या वर गेला. नाडी फार जलद झाली. जखम लाल झाली, तिच्यातून पू किंवा पाणी येऊ लागलं. संडासवाटे खूप रक्त गेलं. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं. स्टोमाचा रंग लालसर-गुलाबी असतो, तो काळा-निळा पडला किंवा त्यातून काही येणंच थांबलं. यातलं काहीही झालं तर ऑपरेशन जिथे झालं तिथे फोन करा आणि निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. गावातून एक इंजेक्शन घेऊन सकाळपर्यंत वाट बघू नका. आतला जोड गळत असेल तर एका रात्रीने खूप फरक पडतो.

दुसरं असं की बरं होणं हे नुसतं आरामासाठी नाही. काढलेल्या तुकड्याचा तपासणी अहवाल येतो. त्यावरून केमोथेरपी लागेल का ते ठरतं, आणि लागली तर ती साधारण सहा-आठ आठवड्यांच्या आत सुरू झालेली चांगली. अंगात ताकद नसेल तर ती लांबते. काकूंचं तेच झालं. म्हणून अहवाल घ्यायला नक्की जा. पुढची दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी तपासणीही चुकवू नका. काकूंच्या मुलांनी आणि सख्ख्या भावंडांनीही आपली तपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारलं पाहिजे. आणि आपल्यापैकी कोणाच्याही संडासमधून रक्त जात असेल, संडासची सवय बदलली असेल, विनाकारण वजन उतरत असेल, तर मूळव्याध म्हणून जडीबुटी घेत बसू नका.

पैसा आणि कागद

आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईचं टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर काम करत आहे. स्टोमा असलेल्यांची ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. भरती होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. कोणता उपचार बसतो, कोणता नाही, ते त्याच्याकडून आधीच समजून घ्या. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच.

सेवाग्रामच्या दवाखान्याने आपल्याच जिल्ह्यातल्या गावांत पीक निघाल्यावर ज्वारी गोळा करून आरोग्य विमा चालवला होता. ज्याने वाटा दिला त्याला उपचारात सवलत. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना ते ऐकून माहीत आहे. पैसे नव्हते तर ज्वारी दिली, पण सगळ्यांनी मिळून दिली. गटाचंही तसंच आहे.

गटाने काय करायचं?

गेल्या वर्षी शेजारच्या गटातल्या एका ताईचं असंच ऑपरेशन झालं. या वेळी आम्ही सल्ले द्यायला गेलो नाही. नोंदवहीच्या मागच्या पानावर यादी केली. सकाळी चालवायला कोण, संध्याकाळी कोण, पाणी भरायला कोण, पोरांचा डबा कोणाकडून, तपासणीला सोबत कोण. अंडी आणि दुधासाठी गटातून थोडं कर्ज दिलं. दवाखान्यातून सुटताना मिळालेला कागद इंग्रजीत होता, तो आशाताईंकडून वाचून घेतला आणि मराठीत लिहून भिंतीला लावला.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं नाही. सोयाबीन काढणीला आलं तशा दोघी-तिघी गळाल्या. काही दिवस चालवायला कोणीच नव्हतं. मग ताईंची आठ वर्षांची नात शाळेतून आल्यावर आजीला हात धरून देवळापर्यंत नेऊ लागली. पाणी मात्र दोन महिने शेजारणींनी भरलं, त्यात खंड पडू दिला नाही. कारण काकू रोज विहिरीवर उभ्या राहून बघत होत्या की गुंड कोणाच्या डोक्यावर आहे.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते लिहून झाले की पाच मिनिटं हे बोला. गावात कोणाचं पोटाचं ऑपरेशन ठरलं आहे का ते विचारा. असेल तर भेटायला जा, पण "हालू नोको" असं सांगायला जाऊ नका. चपला घालूनच जा आणि तिला म्हणा, "चल वं बाई, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." आणि परत येताना तिचा गुंड आपण भरून आणा.